वेर्चेल्लीची खाचरं

वाचकहो, इटली म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं काय येतं? रोम, नाहीतर पाण्यातलं व्हेनिस, नाहीतर पिसाचा तो कललेला मनोरा. माझ्याही डोळ्यांपुढं तेवढंच होतं. त्या देशात मी गुडघाभर पाण्याची भाताची खाचरं बघेन, बांधावर उभा राहून पाण्याच्या पाळीबद्दल बोलेन, असं कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

मी प्राथमिक शाळेतला निवृत्त मास्तर. भोर तालुक्यात, हिर्डस मावळाच्या अंगाला आमची दोन एकर भातखाचरं आहेत. भाचा इटलीत तोरिनो शहरी शिकायला आहे. २०२४ च्या मे महिन्यात त्यानं मला हट्टानं बोलावून घेतलं. म्हणाला, "मामा, हॉटेलं-बिटेलं काही नाही, पाठीवर पिशवी टाकायची आणि हिंडायचं." साठी उलटलेल्या माणसाच्या पाठीवर त्यानं शाळकरी पोरासारखं दप्तर चढवलं. त्यात दोन धोतरं, एक पायजमा, चिवडा आणि घोंगडी. घोंगडीला तो नको म्हणत होता, पण त्याच घोंगडीनं पुढं उपकार केले.

सोमवारी दुपारी आम्ही तोरिनोहून मिलानच्या गाडीत बसलो. मिलानला उतरायचं, तिथून व्हेनिसची गाडी धरायची, असा बेत. पाऊण तास गेला असेल. मी खिडकीतून बघतोय, तर दोन्ही बाजूंना पाणीच पाणी! आधी वाटलं पूर आला. मग नीट पाहिलं, तर पाण्यात बांध होते. सरळ आखलेले, एकाला एक लागून. पाण्यात बगळे उभे, आणि उत्तरेला पार टोकाला बर्फाचा डोंगर, त्याचं उलटं चित्र त्याच पाण्यात पडलेलं. मी भाच्याला ढोसलं, "अरे, ही तर खाचरं!" तो फोनातून डोकं वर न काढता म्हणाला, "हो मामा, इथं भात होतो." पोरगं दोन वर्षं तिथं राहतंय आणि खिडकीबाहेर बघितलं नव्हतं.

पुढचं स्टेशन आलं, गाडी थांबली आणि थांबलीच. भोंग्यावर काहीतरी सांगितलं, माणसं कुरकुरत उतरू लागली. भाचा चौकशी करून आला. "मामा, उतरायला लागतंय. ही गाडी पुढं जात नाही, आणि संध्याकाळची पण रद्द आहे म्हणतात." कारण विचारलं तर खांदे उडवले. आपल्याकडं एस.टी. बंद पडली की कंडक्टर निदान चहा तरी पिऊन या म्हणतो. असो. पाटी वाचली : वेर्चेल्ली.

गाव मोठं नाही, पंचेचाळीस हजारांच्या आसपास वस्तीचं. स्टेशनाबाहेर आलं की समोरच दोन उंच मनोऱ्यांचं जुनं देऊळ दिसतं, संत आंद्रेचं. हिरवट करड्या दगडाचं आणि लाल विटांचं. १२१९ साली पाया घातला आणि १२२७ सालापर्यंत उभं केलं. म्हणजे आपल्याकडं देवगिरीवर यादव राज्य करत होते तो काळ. बांधणारा इथलाच एक मोठा धर्माधिकारी. देवळाला लागून त्यानं १२२४ साली गोरगरिबांसाठी आणि वाटसरूंसाठी इस्पितळही काढलं. वाटसरू कोण, तर यात्रेकरू. इंग्लंडातल्या कँटरबरीहून रोमला पायी जाण्याची हजार वर्षांची जुनी वाट या गावातून जाते. आजही लोक ती वाट चालतात, काही गावांत त्यांच्यासाठी धर्मशाळा आहेत. इथंही एक होती. हॉटेलाचे दर ऐकून माझा चेहरा उतरला तेव्हा भाच्याला ती आठवली.

दारात एक वयस्कर गृहस्थ होते, फुकट सेवा करणारे. त्यांनी आमच्या पिशव्यांकडं बघितलं आणि म्हणाले, ही जागा चालत येणाऱ्यांची आहे, तुम्ही तर गाडीनं आलात. बरोबरच होतं त्यांचं. भाच्यानं मात्र माझ्या फोनातला वारीचा फोटो काढून दाखवला. मी, टाळ, पताका, मागं दिवेघाट. म्हणाला, "हे दरवर्षी चालतात. फक्त त्यांची वाट दुसरी आहे." गृहस्थांनी फोटो मोठा करून बघितला, किती दिवस, किती माणसं, झोपता कुठं, असं विचारलं. लाखो माणसं म्हटल्यावर त्यांना भाच्याचं भाषांतर चुकलं असंच वाटलं. मग माझ्या गळ्यातल्या माळेकडं बघून हसले आणि दोन खाटा दाखवल्या. पैसे डब्यात टाकायचे, इच्छेला येतील तेवढे. मे महिना असूनही रात्री गारठा पडला आणि डासांनी तर फोडून काढलं. खाचरं गावाला चिकटलेली, मग डास असणारच. घोंगडी तेव्हा कामाला आली.

बोलता बोलता मी भातवाला शेतकरी आहे हे कळलं, तसा गृहस्थांचा चेहरा बदलला. आमच्या वेर्चेल्लीला भाताची राजधानी म्हणतात, म्हणाले, आणि उद्या मंगळवार. मंगळवारी इथं भाताचा बाजार भरतो, भाव फुटतो. माझा एक नातेवाईक शेतकरी आहे, तो उद्या बाजाराला येईल, त्याच्याबरोबर जा शेतावर. व्हेनिस राहिलं बाजूला. मी भाच्याला म्हटलं, "पाण्यातलं गाव मी पुन्हा कधीतरी बघीन, पाण्यातलं शेत उद्याच."

तो शेतकरी पन्नाशीचा, रापलेल्या मानेचा. मान बघूनच मला बरं वाटलं. त्याच्याकडं दोनशे एकर भात, आणि तो स्वतःला मध्यम शेतकरी म्हणवत होता. रानात कामाला किती माणसं? तो, त्याचा मुलगा आणि एक गडी. दोनशे एकराला तीन माणसं! आमच्या दोन एकरांच्या आवणीला बारा बाया लागतात, आणि त्या मिळत नाहीत हे आमचं दुखणं.

इथं लावणी नाही. शेत किरणांच्या यंत्रानं असं सपाट करतात की या टोकापासून त्या टोकापर्यंत पाणी सारखं बसावं. मग पाणी सोडतात आणि भिजवलेलं बी पाण्यातच फेकतात, लोखंडी चाकांच्या ट्रॅक्टरनं. अलीकडं बरेच जण कोरड्यातच पेरतात आणि रोप तीन पानांवर आलं की पाणी भरतात. त्या वर्षी वसंतात पाऊस फार झाला म्हणून पेरण्या लांबल्या होत्या, काही रानं अजून उघडी होती. पीक वर्षातून एकच. एप्रिल-मेमध्ये पेरलं की सप्टेंबर-ऑक्टोबरात काढणी. पाण्याचा आणखी एक उपयोग त्यानं सांगितला. हा मुलूख उत्तरेला फार वर, रात्री गार. दिवसा तापलेलं पाणी रात्री कोवळ्या रोपाला ऊब देतं, पांघरुणासारखं. उतार विचारला, कारण तो विचारल्याशिवाय शेतकऱ्याला झोप येत नाही. हेक्टरी साडेसहा टनांच्या आसपास, म्हणजे एकरी सव्वीस क्विंटल भात. आमच्याकडं बरा पाऊस झाला तर एकरी बारा-तेरा.

जात विचाराल तर आपल्या बासमतीसारखी सडपातळ नव्हे. जाड, पोटात पांढरा ठिपका असलेला दाणा, शिजला की चिकट खिरीसारखा होतो पण आतून दाणा मऊ पडत नाही. आर्बोरियो नावाची जात जगभर विकली जाते, ते जवळच्याच एका खेड्याचं नाव आहे. कार्नारोली नावाची दुसरी जात १९४५ सालची. गावात भाताचं संशोधन केंद्र १९०८ सालापासून आहे. इटली सगळ्या युरोपात भाताला पहिली, दोन लाख हेक्टरांहून जास्त क्षेत्र, आणि त्यातलं बहुतेक या पो नदीच्या खोऱ्यात.

या बियाण्याची एक गंमत ऐका. पूर्वी इथलं बी देशाबाहेर न्यायला बंदी होती, नेणाऱ्याला देहदंड. १७८७ साली अमेरिकेचा फ्रान्समधला वकील थॉमस जेफरसन मुद्दाम इकडं आला, आणि कोटाच्या खिशांत मावेल तेवढं भात भरून घेऊन गेला. हाच गृहस्थ पुढं अमेरिकेचा अध्यक्ष झाला. बियाण्यासाठी शेजाऱ्याच्या रानातली चार लोंब्या खुडणारे आपणच आहोत असं समजायचं कारण नाही.

मला सगळ्यांत जास्त नवल वाटलं ते पाण्याच्या व्यवस्थेचं. आमच्या भागाला पाऊस उदंड, पण तो सरला की दिवाळीनंतर ओढे कोरडे. इथं भात पावसावर नाही, कालव्यावर. मोठा कालवा काव्हूरच्या नावाचा. काव्हूर म्हणजे इटली एक करणारा मुत्सद्दी, हे शाळेत मी पोरांना शिकवलं होतं. पण तो जवळच्याच लेरी गावी भाताची शेती करणारा जाणता शेतकरी होता, हे आमच्या पुस्तकात नव्हतं. १८५३ साली, म्हणजे मुंबई-ठाणे आगगाडी धावली त्याच साली, सेझ्या नदीच्या पश्चिमेकडच्या शेतकऱ्यांची पाणीवाटपाची संस्था निघाली, ती त्याच्याच पुढाकारानं. सरकारी कालव्यांचं पाणी सावकार-मक्तेदार विकायचे, ते वापरणाऱ्यांच्या हाती आलं. तो १८६१ साली वारला. कालवा १८६३ ला सुरू होऊन १८६६ ला पुरा झाला. ऐंशी किलोमीटरांहून लांब, पो नदीपासून तिचिनो नदीपर्यंत. वाटेत एक नदी पुलावरून ओलांडतो, आणि सेझ्या नदी आली की तिच्या तळाखालून जाऊन पलीकडं वर येतो. यंत्राशिवाय, नुसत्या उतारावर. त्या विटांचं बांधकाम आजही पाणी नेतं.

ती शेतकऱ्यांची संस्थाही आज चालू आहे. पाटावर पाणी सोडणारा माणूस असतो, आपला पाटकरीच म्हणा. वरच्या खाचराचं पाणी खालच्याला, खालच्याचं त्याच्या खालच्याला. आपल्याकडं धुळे-साक्रीच्या बाजूला पांझरेवर फड बागायत अशीच गावकरी चालवत आले. मी त्याला ती सांगितली, तर त्यानं थांबून दोनदा विचारलं, किती जुनी? मी म्हटलं, तुमच्या काव्हूरच्या आधीची. माझी कॉलर जरा ताठ झाली, खोटं कशाला बोलू.

भांडणं नसतात असं समजू नका. २०२२ साली पोच्या खोऱ्यात सत्तर वर्षांतला सगळ्यांत वाईट दुष्काळ पडला. कालव्यात पाणी उतरलं, कुणाचं रान भिजवायचं आणि कुणाचं सोडायचं यावरून माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली, काहींनी उभं पीक सोडून दिलं. कोरड्या पेरणीचा वादही तिथंच आहे. पूर्वी एप्रिलमध्ये रानं भरायची, पाणी मुरायचं, आणि जूनमध्ये खालच्या गावांच्या झऱ्यांना लागायचं. आता सगळ्यांनाच पाणी जूनमध्ये हवं. भावाचं रडगाणं तर आपल्यासारखंच. कंबोडिया-म्यानमारचा स्वस्त तांदूळ आला म्हणून इथले शेतकरी ओरडले, तेव्हा २०१९ साली युरोपनं त्यावर तीन वर्षांसाठी जकात बसवली. मुदत संपल्यावर पुन्हा तेच.

दुपारी त्यानं घरी नेलं. आणि वाचकहो, ज्यासाठी हे सारं लिहायला बसलो ती गोष्ट तिथं घडली.

चुलीशेजारी, म्हणजे गॅसशेजारीच, पण बसायची जागा तशीच, त्याची आई बसली होती. वय अठ्ठ्याऐंशी. मुळची इथली नव्हे. पंधराव्या वर्षी, १९५१ साली, एमिलिया भागातून बेणणीला आली होती. त्या काळी मे अखेरपासून जुलैपर्यंत हजारो बायका-पोरी आगगाडीनं या भागात यायच्या. मोंदिने म्हणायचे त्यांना, म्हणजे बेणणी करणाऱ्या. चाळीस दिवस पाण्यात वाकून गवत उपटायचं, रोपं लावायची. झोपायला पेंढ्याच्या गाद्या. मजुरी पैशांत, आणि वर दिवसाला एक किलो तांदूळ. चाळीस दिवसांचा चाळीस किलो तांदूळ घरी नेला की हिवाळा निघायचा. आठ तासांचा दिवस या बायकांनी वेर्चेल्लीत १९०६ सालीच संप करून मिळवला होता. याच बायकांवर १९४९ साली 'कडू तांदूळ' अशा अर्थाच्या नावाचा सिनेमा निघाला आणि जगभर गाजला. "सिनेमातल्या बाईला कंबरदुखी नव्हती," म्हातारी म्हणाली. पुढं साठीच्या दशकात तणनाशकं आली, आणि काही वर्षांत रानातल्या बायका गेल्या.

मी फोनातून आमच्या आवणीचा फोटो काढून दिला. माझी बायको, डोक्यावर इरलं, चिखलात वाकलेली. म्हातारीनं चष्मा लावला. पुष्कळ वेळ बघितलं. मग काही न बोलता उजवा हात स्वतःच्या कंबरेवर मागच्या बाजूला ठेवला, बरोबर त्या जागी, जिथं माझी बायको रात्री गरम पाण्याची पिशवी ठेवते. भाच्याला भाषांतर करावं लागलं नाही.

आता तो कागद सांगतो. निघण्याआधी पुण्याच्या एका गृहस्थांनी आमच्या खाचरांसाठी इसारपावती तयार करून आणली होती, त्यांना तिथं बंगला बांधायचा आहे. बायकोला डॉक्टरांनी वाकू नको म्हणून सांगितलेलं, मुलगा चाकणला नोकरीत, मजूर मिळत नाही. पैसा तर मास्तरानं उभ्या जन्मात बघितला नाही एवढा. कागद कपाटात ठेवून, आल्यावर सही करतो म्हणून मी विमानात बसलो होतो. बायकोनं तेव्हा हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. नुसती भांडी जोरात घासली होती.

म्हातारीला मी हे सगळं सांगितलं. कशाला सांगितलं कोण जाणे, परक्या माणसाला सांगणं सोपं जातं. तिनं एकच विचारलं, "तिला विचारलंत का, काय नको आहे? शेत, का वाकणं?"

खरं सांगतो, मी विचारलं नव्हतं.

तेवढ्यात जेवण आलं. इथला प्रसिद्ध भात म्हणजे पानिस्सा, तांदूळ आणि घेवड्यासारख्या दाण्यांचा. त्यात डुकराचं मांस असतं, पण माळेचं सांगून ठेवल्यामुळं सूनबाईंनी ते वगळून नुसता दाण्यांचा केला होता. रंग तांबूस, वास जरा आंबूस, चव मात्र फार छान, मी दोनदा मागून घेतला. भाचा माझ्याकडं बघून सारखा हसत होता. पुढं मिलानच्या गाडीत बसल्यावर पोरानं सांगितलं, "मामा, त्यात लाल दारू असते. शिजल्यावर काही उरत नाही." आळंदीला जाऊन आलो तेव्हा माउलींच्या कानावर घातलं. दुसरं काय करणार?

निघताना शेतकऱ्यानं बांधावर नेऊन एक रोप उपटून दाखवलं. दिसायला भातच, पण जंगली. लाल दाण्याचा, आपलं पीक तयार व्हायच्या आधी गळून पडतो आणि पुढच्या वर्षी तिप्पट उगवतो. औषधाला दाद देईनासा झालाय. "आईच्या वेळी हे हातानं ओळखून काढायचे," तो म्हणाला, "आता ओळखणारं कोणी राहिलं नाही."

व्हेनिसला आम्ही गेलो का? गेलो, दीड दिवस. छान आहे.

रोहिणी सरत आल्या तेव्हा घरी पोचलो. पहिल्या रात्रीच बायकोला विचारलं, शेत नको आहे का वाकणं नको आहे. ती म्हणाली, "हे विचारायला इटलीला जावं लागलं का?" मग म्हणाली, वाकणं. आपल्याकडं नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी गादीवाफ्यावर भात टोकायची रीत रूढ केली आहे. चिखलणी नाही, लावणी नाही, वाफे एकदाच करायचे. ती मी वाचलेली होती, मनावर घेतली नव्हती. त्या पावसात दहा गुंठ्यांवर करून पाहिली. टोकण दोन दिवसांत, घरच्याच माणसांनी. गवत मात्र उदंड आलं, कारण खाचरात पाणी उभं नाही की गवत माजतंच. ते बायकोनं बसून, सरकत सरकत काढलं. वाकून नव्हे. उतारा लावणीच्या खाचरापेक्षा थोडा कमी पडला, पण मजुरी वजा केली तर हातात जास्त उरलं. बाकीचं रान जुन्या रीतीनंच लावलं, बारा बाया मिळायला तीन गावं हिंडून. इसारपावती अजून कपाटात आहे. पुण्याच्या गृहस्थांचा मधूनमधून फोन येतो.

भात पोटरीला आला तेव्हा त्या दहा गुंठ्यांचा फोटो भाच्याकडून वेर्चेल्लीला पाठवला. दोन दिवसांनी म्हातारीचा निरोप आला. भात चांगला आहे, पण बांधाकडच्या डाव्या कोपऱ्यात गवत राहिलंय, लोंबी धरायच्या आत काढा.

बायकोनं फोन डोळ्यांजवळ धरून बघितलं. खरंच राहिलं होतं. "नजर चांगली आहे बाईंची," ती म्हणाली, आणि बसायचा पाट घेऊन खाचराकडं निघाली.